विश्लेषण : मोठा व्हिडीओ गेम तयार व्हायला पाच-सात वर्षे का लागतात?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या गेमचा पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये आला. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले २०२५ मध्ये बारावी झाली, तरी सहावा भाग आलेला नव्हता. त्याची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. मोबाइलवर गेम खेळणाऱ्या शिरूर कासारमधल्या (जि. बीड) मुलांना हा उशीर कंपनीचा आळस वाटू शकतो. प्रत्यक्षात हा वेळ कुठे जातो, घाई केली तर काय होते आणि पुण्यातील स्टुडिओंचा अनुभव काय सांगतो, याचा हा आढावा.

चर्चा कशामुळे?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा सहावा भाग तयार होत असल्याचे रॉकस्टार गेम्स या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केले. पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दिसली. गेम २०२५ च्या अखेरीपर्यंत येईल असे सुरुवातीला सांगण्यात आले. मग २६ मे २०२६ ही तारीख आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही बदलून १९ नोव्हेंबर २०२६ करण्यात आली. हा काही अपवाद नाही. अमेरिकेतील एका न्यायालयीन प्रकरणात २०२३ मध्ये सोनी कंपनीची काही कागदपत्रे उघड झाली. त्यांनुसार ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाला सुमारे ७० महिने लागले, खर्च २२ कोटी डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १,८०० कोटी रुपये झाला आणि ऐन कामाच्या काळात सुमारे २०० जण त्यावर राबत होते. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या गेमला पाच वर्षे, २१ कोटी २० लाख डॉलर आणि सुमारे ३०० माणसे लागली. मोठ्या बॅनरचा चित्रपट साधारण दोन-तीन वर्षांत पूर्ण होतो. मग गेमलाच इतका वेळ का?

चित्रपट आणि गेम यांत फरक काय?

समजा, शिरूर कासारचा आठवडी बाजार पडद्यावर दाखवायचा आहे. चित्रपटात कॅमेरा जिकडे वळणार तेवढीच पाले सजवावी लागतात. मागची बाजू रिकामी असली तरी चालते, कारण प्रेक्षक तिकडे जाऊ शकत नाही. गेममध्ये मात्र खेळणारा कुठेही जातो. तो पालाच्या मागे डोकावतो, ज्वारीच्या पोत्यांवर चढतो, बाजार सोडून थेट सिंदफणेच्या पात्रात उतरतो. त्यामुळे प्रत्येक वस्तू चारही बाजूंनी घडवावी लागते. ती टणक की मऊ, तिच्यावर चढता येते की नाही, धक्का लागला तर पडते की नाही, पडली तर आवाज कसा येतो, हे सगळे संगणकाला आधी सांगून ठेवावे लागते.

पुढचा प्रश्न माणसांचा. भाजीवाल्याशी खेळाडू बोलेल, न बोलता निघून जाईल किंवा त्याला धडकेल. या प्रत्येक वेळी भाजीवाल्याने काय करायचे? पाऊस आला तर गिऱ्हाईक कुठे आडोसा घेईल? नदी उन्हाळ्यात कोरडी आणि पावसाळ्यात दुथडी दाखवायची असेल, तर पाण्यात उतरल्यावर चालणे थांबून पोहणे कधी सुरू होईल? वस्तू वाढल्या की त्यांच्या एकमेकींशी येणाऱ्या संबंधांची संख्या झपाट्याने वाढते. दहा वस्तू असतील तर त्यांच्या ४५ जोड्या होतात, शंभर असतील तर ४,९५०. मोठ्या गेममध्ये अशा हजारो वस्तू असतात. वस्तू घडवायला वेळ लागतोच, पण त्या एकमेकींशी नीट वागतील अशी व्यवस्था करण्यात त्याहून अधिक वेळ जातो.

त्यात वेगाची अट आहे. अॅनिमेशनपटातील एक चित्र तयार करायला संगणकाने कित्येक तास घेतले तरी चालते, कारण ते आधीच बनवून ठेवलेले असते. गेममधले चित्र खेळाडूने बटण दाबल्यावर त्याच क्षणी तयार होते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या वेळात सावल्या, पाणी, गर्दी, आवाज असा सगळा हिशेब पुरा व्हावा लागतो. नाही झाला तर गेम अडखळतो.

काम कोणत्या टप्प्यांतून जाते?

पहिला टप्पा पूर्वतयारीचा. मोजकी माणसे कल्पना पक्की करतात, कच्चा नमुना बनवतात आणि मुख्य खेळ खेळताना मजा येते का, हे तपासतात. हा प्रश्न कागदावर सुटत नाही. उडी मारायला हातभर उशीर झाल्यासारखा वाटतो, तलवारीचा घाव हलका वाटतो, हे खेळूनच कळते. त्यामुळे बनवणे, खेळणे, टाकून देणे आणि पुन्हा बनवणे असे चक्र महिनोन् महिने चालते. नंतर गेमचा एक छोटा तुकडा अंतिम दर्जाचा करून गुंतवणूकदारांना दाखवला जातो. तो पसंत पडला की मोठी भरती होते आणि निर्मिती सुरू होते. चित्रकार, अॅनिमेटर, प्रोग्रॅमर, लेखक, ध्वनिसंयोजक, कलाकार असे सगळे एकाच वेळी कामाला लागतात.

गेमच्या सर्व सोयी कशाबशा चालू लागल्या की त्या अवस्थेला ‘अल्फा’ म्हणतात. सगळे भाग जागेवर बसले, आता फक्त चुका काढायच्या, ती अवस्था म्हणजे ‘बीटा’. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डोच्या यंत्रावर गेम आणायचा तर सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या कंपन्यांची तांत्रिक तपासणी पार करावी लागते. त्यात नापास झाला तर दुरुस्त करून पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

‘पॉलिश’ म्हणजे नेमके काय?

गेम शेवटपर्यंत खेळता येऊ लागला की बाहेरच्या माणसाला काम संपल्यासारखे वाटते. स्टुडिओत मात्र सगळ्यात जिकिरीचा काळ तेव्हाच सुरू होतो. पॉलिश म्हणजे नवे काही न घालता असलेले नीट करणे. पात्राचा पाय पायरीत रुततो का, भिंतीला चिकटल्यावर कॅमेरा भिंतीच्या आत जातो का, एखादे काम अर्धवट सोडून खेळाडू दुसरीकडे गेला तर कथा अडकून पडते का, अशा गोष्टी एकेक करून शोधाव्या लागतात. त्यासाठी तपासनीस तोच प्रसंग शेकडो वेळा, मुद्दाम वेड्यावाकड्या पद्धतीने खेळतात.

चूक सापडली तरी ती पुन्हा घडवून दाखवता आली पाहिजे. ‘कधीतरी गेम बंद पडतो’ एवढ्या तक्रारीवरून प्रोग्रॅमरला काहीच करता येत नाही. पाऊस पडत असताना, ठरावीक वाहनात बसून, ठरावीक पूल ओलांडताना गेम बंद पडतो, हे कळायलाच आठवडा जाऊ शकतो. शिवाय एक दुरुस्ती दुसरीकडे नवी चूक निर्माण करते. पुलाचा कठडा उंच केला की त्यावरून उडी मारून पलीकडे जाण्याची वाट बंद होते, आणि ती वाट पुढच्या कथेला लागणारी असते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर आधी तपासलेले पुन्हा तपासावे लागते. या कामाला किती दिवस लागतील, हे सुरुवातीला कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. तारखा चुकतात त्या बहुतेक याच टप्प्यात.

माणसे वाढवली तर काम लवकर होत नाही का?

बीड जिल्ह्यातील वाचकाला हा प्रश्न स्वाभाविक वाटेल. ऊसतोडीच्या फडात कोयते वाढवले की ऊस लवकर तुटतो, कारण एका कोयत्याला दुसऱ्या कोयत्याची वाट पाहावी लागत नाही. गेमचे काम तसे वाटून देता येत नाही. पात्राचा सांगाडा ठरल्याशिवाय अॅनिमेटरला चाल बसवता येत नाही. चाल बसल्याशिवाय लढाईचा वेग ठरत नाही. वेग ठरल्याशिवाय मैदान किती मोठे हवे ते कळत नाही. नव्या माणसाला हे सगळे समजावून सांगण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो. रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढवण्याचा उपाय अंगाशी येतो, हे अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा मूळ गेम जॉर्डन मेकनर यांनी जवळपास एकट्याने घडवला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यांनी त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राची चाल रेखाटली. हे काम १९८५ मध्ये सुरू झाले आणि गेम १९८९ मध्ये आला. आजच्या मानाने चिमुकल्या असलेल्या गेमलाही चार वर्षे लागली. ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या अगदी लहान चमूने ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये केली आणि तो सप्टेंबर २०२५ मध्ये आला. म्हणजे माणसे कमी असली तरी वेळ लागतो आणि जास्त असली तरी लागतो. फरक पडतो तो गेमचा आवाका किती, यावर.

घाई केली तर काय होते?

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा याचा ठळक दाखला. मे २०१२ मध्ये घोषणा झालेल्या या गेमची तारीख २०२० या एकाच वर्षात तीनदा बदलली आणि अखेर १० डिसेंबर २०२० रोजी तो आला. चांगल्या संगणकांवर तो बरा चालत होता. जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर मात्र अडखळणे, बंद पडणे, पात्रे हवेत तरंगणे असे प्रकार होऊ लागले. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो दुकानात परतला जून २०२१ मध्ये. त्याचे रूप खऱ्या अर्थाने पालटले ते सप्टेंबर २०२३ मधील मोठ्या सुधारणेनंतर. वाचवलेले महिने कंपनीला नंतर वर्षांनी भरून द्यावे लागले, तेही नाव खराब झाल्यावर.

भारतात ‘फौजी’ या मोबाइल गेमची घोषणा ४ सप्टेंबर २०२० रोजी, म्हणजे ‘पबजी मोबाइल’वरील बंदीनंतर दोनच दिवसांनी झाली. बंगळूरुच्या एनकोअर गेम्सने तो २६ जानेवारी २०२१ रोजी आणला. ‘पबजी’ची जागा घेणारा गेम म्हणून लोकांनी त्याच्याकडे पाहिले होते. प्रत्यक्षात सुरुवातीला त्यात एकट्याने खेळायची कथाच तेवढी होती, मित्रांशी लढण्याची सोय नंतर आली. तोवर अनेकांनी त्याकडे पाठ फिरवली होती.

पुण्यातील स्टुडिओंचा अनुभव काय सांगतो?

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून पुण्यातील स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा सुरू केला. सप्टेंबर २०२० मध्ये या दोन स्टुडिओंकडे मोठी जबाबदारी असल्याचे जाहीर झाले. २००३ मध्ये गाजलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती ते बनवत होते. जगभर नाव असलेल्या गेमची धुरा महाराष्ट्रातील चमूने सांभाळणे ही मोठी गोष्ट होती.

पहिली झलक पाहून अनेक चाहते नाराज झाले. चेहरे आणि प्रकाशयोजना जुनाट वाटते, अशी टीका झाली. २१ जानेवारी २०२१ ही ठरलेली तारीख आधी १८ मार्चवर गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बेमुदत पुढे ढकलली गेली. मे २०२२ मध्ये काम मूळ गेम घडवणाऱ्या कॅनडातील मॉन्ट्रिअल स्टुडिओकडे सोपवण्यात आले. तिथे ते जवळपास नव्याने मांडले गेले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने मोठ्या फेररचनेत हा प्रकल्पच रद्द केला. घोषणेनंतर पाच वर्षांहून अधिक काळ, दोन खंडांतील स्टुडिओ आणि हाती काहीच नाही. वेळ दिला म्हणजे गेम पूर्ण होतोच असे नाही, हा यातला कटू धडा.

‘राजी’ कसा पूर्ण झाला?

पुण्यातच याच्या उलट उदाहरण आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. भावाला सोडवण्यासाठी असुरांशी लढणाऱ्या मुलीची ही कथा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा प्रयत्न झाला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. पुढे एपिक गेम्सचे अनुदान आणि प्रकाशकाचे पाठबळ मिळाले. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

यामागे आवाका ओळखण्याचे शहाणपण दिसते. ‘राजी’मध्ये कॅमेरा खेळाडूच्या हाती दिलेला नाही. त्यामुळे दृश्य ठरलेल्या कोनातूनच देखणे दिसावे लागते, बाजाराच्या उदाहरणातले पालामागचे काम वाचते. कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत आणि भिंतीवरील चित्रांतून सांगितले आहेत. पहाडी चित्रशैली आणि राजस्थानी वास्तू यांचा वापर केल्याने रूप वेगळे झाले आणि हुबेहूब माणसांचे चेहरे हलवण्याचे अवाढव्य कामही टळले. गेम पाच-सहा तासांत संपतो. शेवट आटोपता घेतल्यासारखा वाटतो, अशी टीकाही झाली. तरीही तो पूर्ण झाला, विकला गेला आणि लोकांनी खेळला.

मोबाइलवरील गेमना कमी वेळ लागतो का?

गेम छोटा असेल तर लागतो. मोठ्या मोबाइल गेमपुढे मात्र वेगळाच डोंगर असतो. प्लेस्टेशनचे एक मॉडेल सगळ्यांकडे सारखेच असते. अँड्रॉइड फोनचे हजारो प्रकार आहेत. प्रत्येकाचा पडदा, प्रोसेसर, मेमरी, बॅटरी वेगळी. पुण्यातील नव्या फोनवर सुरळीत चालणारा गेम शिरूर कासारमधील तीन वर्षे जुन्या, स्वस्त फोनवर तापून बंद पडत असेल, तर गिऱ्हाईक त्याच दिवशी तो काढून टाकते. त्यात नेटवर्क मध्येच जाते. दोन सेकंद रेंज गेली तर खेळाडूला हरलेला धरायचे की थांबायचे, असे निर्णय घेऊन ते पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.

पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने ‘इंडस बॅटल रोयाल’ची घोषणा २०२२ च्या सुरुवातीला केली. गेम येण्याआधीच त्यासाठी एक कोटीहून अधिक जणांनी नोंदणी केली. मर्यादित खेळाडूंना आधी खेळायला देऊन दुरुस्त्या करत तो १६ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वांसाठी खुला झाला. मोबाइल गेमचे काम त्या दिवशी संपतही नाही. नवे नकाशे, नवे पोशाख, फसवाफसवी करणाऱ्यांचा बंदोबस्त आणि नव्या फोनसाठीचे बदल वर्षानुवर्षे चालूच राहतात.

उशिराची किंमत कोण मोजते?

कंपनीला वाढलेला प्रत्येक महिना म्हणजे शेकडो पगारांचा एक महिना. म्हणूनच तारीख जवळ आली की रात्रंदिवस काम करण्याचा दबाव येतो. या उद्योगात त्याला ‘क्रंच’ म्हणतात. ‘सायबरपंक’च्या अखेरच्या टप्प्यात कर्मचाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस काम करायला सांगण्यात आले होते, तेही तसे करणार नाही असे आधी सांगितलेले असताना. दुसरी किंमत दिसत नाही. चार वर्षे राबलेल्या तरुणाचा गेम रद्द झाला, तर गोपनीयतेच्या करारामुळे पुढच्या मुलाखतीत त्याला आपले काम दाखवताही येत नाही.

हे महाराष्ट्रासाठी महत्त्वाचे आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्स्टेंडेड रिअॅलिटी या क्षेत्रांसाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणाला मंजुरी दिली. त्याच्या महिनाभर आधी संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. दोन्ही गोष्टींना लोक ‘गेमिंग’च म्हणतात, पण त्या एक नाहीत. एकीत पैसा लावायचा असतो आणि दुसरीत काही घडवायचे असते. घडवण्याच्या या कामात चित्रकला, गणित, संगीत, लेखन असे सारे लागते, आणि चुका शोधणाऱ्या तपासनिसाच्या नोकरीतूनही अनेकांचा शिरकाव होतो.

शिक्षणासाठी पुण्याची वाट धरणाऱ्या शिरूर कासारच्या मुलांनी या क्षेत्राकडे वळताना मोठ्या गेमच्या झगमगाटापेक्षा ‘राजी’चा धडा लक्षात ठेवावा. दहा मिनिटांचा, पण शेवटपर्यंत चालणारा आणि दुसऱ्याच्या साध्या फोनवर न अडखळणारा गेम स्वतः बनवून दाखवला, तर तो मुलाखतीत कुठल्याही मोठ्या, अर्धवट स्वप्नापेक्षा अधिक बोलका ठरतो.